बाबांनी अडतिसाव्या वर्षी घर बांधलं, मी अजून भाड्याच्या घरात. चुकतंय कुणाचं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही ३३ वर्षांचे, नोकरी हिंजवडीत, वाकडला २६ हजार भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहता. पत्नीही नोकरी करते, मुलगी चार वर्षांची. दोघांचे मिळून महिन्याला १ लाख ६० हजार हातात येतात, त्यात एक लाख तुमचे. वडील पाटबंधारे खात्यात होते, २०११ साली निवृत्त झाले. त्यांनी १९९१ साली, वयाच्या ३८व्या वर्षी, एका पगारावर साताऱ्यात घर बांधलं. ते म्हणतात, तुमची पिढी उधळी. तुम्ही म्हणता, त्यांच्या पिढीला सगळं सोपं होतं. आणि विचारता, दोघांत बरोबर कोण?

पण शेवटून दुसऱ्या ओळीत तुम्ही हळूच लिहिलंय, की बाबा ९० लाखांच्या फ्लॅटसाठी स्वतःच्या निवृत्तीच्या पैशांतले १५ लाख द्यायला तयार आहेत आणि ते घ्यायला मन होत नाही. माझ्या मते खरा प्रश्न तो आहे. पिढ्यांचं भांडण त्याच्यावर पांघरूण म्हणून घातलंय. तरी आधी पांघरुणाबद्दलच बोलते, कारण ते काढल्याशिवाय खालचं दिसणार नाही.

मी राष्ट्रीयीकृत बँकेत १९८३ साली कारकून म्हणून लागले आणि २०२१ साली अधिकारी म्हणून बाहेर पडले. त्यातली वीसेक वर्षं कर्जाच्या टेबलावर गेली. आता ओळखीपाळखीच्या लोकांचे कर्जाचे कागद बघून देते. त्या टेबलावर ‘आमची पिढी’, ‘तुमची पिढी’ हे शब्द फार वेळ टिकत नाहीत. समोर माणूस बसतो, शेजारी जामीनदार बसतो, मधे पगाराची पावती असते. पिढी काही कधी येऊन बसलेली पाहिली नाही.

हे का म्हणते ते सांगते. तुमचे वडील १९५३चे. त्याच वर्षी त्याच साताऱ्यात जन्मलेला एखादा माणूस मुंबईला जाऊन गिरणीत लागला असता, तर १८ जानेवारी १९८२ला तो २८-२९ वर्षांचा होता आणि त्या दिवसापासून संपावर होता. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्या संपात उतरले आणि त्यातले कितीतरी पुन्हा गिरणीत शिरलेच नाहीत. ‘आमच्या वेळी एका पगारात घर व्हायचं’ हे वाक्य त्याच्या मुलांनी घरात ऐकलेलं नाही. वय तेच, जिल्हा तोच, पिढी तीच.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझे वडील गिरणीतच होते. कितीतरी वर्षं बदली कामगार म्हणून रोज सकाळी फाटकावर उभे राहायचे, काम मिळालं तर आत, नाहीतर परत घरी. कायम झाले आणि काही वर्षांत संप आला. मी तेव्हा २१ वर्षांची. लालबागला आमच्या चाळीखाली वाण्याचं दुकान होतं, त्याच्याकडे आमची लाल कापडी बांधणीची वही असायची. महिन्याचा माल वहीवर, पगार झाला की हिशेब. संपाच्या पाचव्या महिन्यात त्यानं आईला सांगितलं, ताई, आता रोखीनं न्या. १९८३ साली मला बँकेत पहिला पगार मिळाला, हातात अकराशेच्या आसपास आले. त्यातले सातशे रुपये घेऊन वडील स्वतः खाली गेले आणि ती वही मागून घेऊन त्यांनी पानावर आडवी रेघ मारली. पेन्सिलीनं मारली. म्हणाले, अजून बाकी आहे, शाई नंतर.

तर ‘आमच्या पिढीनं कधी उधारी केली नाही’ असं कुणी म्हणालं की मला ती वही आठवते. सरकारी नोकरांनाही सण अग्रिम मिळायचा आणि तो पगारातून हप्त्याहप्त्यानं कापला जायचा. पगारदारांच्या पतसंस्था होत्या, भिशी होती, अडीनडीला सोनं गहाण पडायचं. (बाबांना हे ऐकवायला जाऊ नका. सण अग्रिमाची आठवण काढून कुणाचा बाप वरमलेला नाही.)

बूमर, मिलेनियल, जेन झी ही पिढ्यांची नावं अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जन्मांवरून मोजत आलेली आहेत. आपल्याकडे पट्टी वेगळी लावावी लागते. मला विचाराल तर महाराष्ट्रातल्या घरांचे सांधे १९७२चा दुष्काळ, १९८२चा संप, १९९१चं खुलं धोरण आणि १ नोव्हेंबर २००५ या तारखांवर आहेत. शेवटच्या तारखेकडे नंतर येते. तुमच्या दृष्टीनं ती सगळ्यांत महत्त्वाची आहे.

आता आकडे. १९९० सालची एक फाइल मला चांगली आठवते, नाव-गाव सोडून देते. जिल्हा परिषदेतला कारकून, भत्त्यांसह पगार २,४००. दोन गुंठ्यांचा प्लॉट आधीच घेतलेला. बांधायच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, न्हाणी-संडास मागच्या बाजूला. कर्ज ७० हजार, व्याज १४ टक्के, मुदत १५ वर्षं. हप्ता ९३२ रुपये, म्हणजे पगाराच्या ३९ टक्के.

तुमचं गणित मांडू. फ्लॅट ९० लाखांचा, बँक त्याच्या ८० टक्के देईल, म्हणजे ७२ लाख. आठ टक्के दर आणि २० वर्षं मुदत धरली तर हप्ता ६० हजार २०० च्या आसपास. दोघांच्या मिळून उत्पन्नाच्या तो ३८ टक्के होतो.

म्हणजे पहिल्या महिन्याचं ओझं दोघांचं जवळजवळ सारखं. मी हा हिशेब पहिल्यांदा केला तेव्हा मलाही नवल वाटलं होतं. फक्त तिकडे ते एका पगारावर होतं आणि तुमच्याकडे दोन पगारांवर आहे. तुमच्या एकट्याच्या पगारावर धरलं तर ६० टक्के होतात, आणि असं कर्ज माझ्या टेबलावरून पुढे गेलं नसतं.

खरा फरक दहाव्या वर्षी दिसतो. त्या कारकुनाचा हप्ता २००० सालीही ९३२ रुपयेच होता. मधल्या काळात महागाई भत्ता वर्षातून दोनदा वाढत गेला, १९९६ पासून लागू झालेला पाचवा वेतन आयोग आला, थकबाकी मिळाली. पगार आठ हजारांच्या घरात गेला. ३९ टक्क्यांचं ओझं १२ टक्क्यांवर आलं. काटकसर त्यानं केलीच होती, मी त्याचं खातं पाहिलंय. पण त्याचं कर्ज निम्मं काटकसरीनं फेडलं असेल तर निम्मं महागाईनं आणि वेतन आयोगानं फेडलं. सरकारी खात्याकडून घरबांधणी अग्रिम घेतलेल्यांचं तर आणखी बरं, तिथे आधी मुद्दल कापली जायची आणि मग व्याज. तुमच्या बाबांनी कोणतं घेतलं होतं ते विचारा.

तुमचं कर्ज तसं वागणार नाही. ऑक्टोबर २०१९ पासून बदलत्या दराची नवी गृहकर्जं बँकांना रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं पैसे देते तो) बाहेरच्या दराशी जोडावी लागतात. मे २०२२ पर्यंत रेपो ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा झाला. नऊ महिन्यांत अडीच टक्के. समजा कुणी ७ टक्क्यांनी २० वर्षांसाठी ५० लाख घेतले, हप्ता ३८,७६५. दर ९ टक्के झाला आणि हप्ता तेवढाच ठेवायचा म्हटलं, तर फेडायला जवळजवळ ३८ वर्षं लागतात. वीसची अडतीस! बँक एवढी मुदत देत नाही, म्हणून हप्ता ४५ हजारांपर्यंत चढवावा लागतो. त्या काळात माझ्याकडे आलेली तिशीतली मुलं तक्त्याकडे बघून म्हणायची, काकू, आम्ही वर्षभर हप्ते भरले आणि मुदत वाढली कशी? ही मुलं उधळी नव्हती, एकही हप्ता चुकलेला नव्हता.

मग बाबांच्या पिढीला सोपं होतं हे तुमचं म्हणणं खरं का? अर्धं. ७० हजारांवर १५ वर्षांत जवळजवळ १ लाख ६८ हजार फेडले गेले. सिमेंटवरचं सरकारी नियंत्रण पूर्ण उठलं १९८९ साली, त्याआधी घर काढणाऱ्यांनी परमिटासाठी घातलेले खेटे आठवतात. आणि मुख्य म्हणजे ते घर एका दमात झालेलं नसायचं. आधी भिंती आणि पत्रे. चार वर्षांनी स्लॅब. मग गिलावा, तोही आतून, बाहेरून विटा तशाच. फरशी शहाबादी, ती बदलली मुलीच्या लग्नाला. जसा पैसा तसं घर, हा प्रकार तेव्हा शक्य होता. तुम्हाला वाकडला दोन खोल्या आत्ता आणि तिसरी पाच वर्षांनी असा फ्लॅट कुणी देत नाही. जिम, क्लबहाउस आणि दोन पार्किंगांसकट सगळं पहिल्याच दिवशी विकत घ्यावं लागतं. माझ्या लेखी पैशाच्या बाबतीत दोन पिढ्यांतला हा सगळ्यांत मोठा फरक आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही.

त्या घरांच्या गच्चीवर खांबांच्या सळया वर काढून ठेवलेल्या असतात, पाहिल्या असतील. गंजतात, त्यावर कुणी प्लॅस्टिकच्या बाटल्या उलट्या घालून ठेवतं. वरचा मजला मुलगा चढवील म्हणून त्या सोडलेल्या असतात. साताऱ्याच्या घरावर आहेत का, लिहून कळवा.

त्यांच्या काळी पैशावर बारा टक्के व्याज मिळायचं, असंही तुम्ही लिहिलंय. खरं आहे, पीपीएफला १९८६ पासून जानेवारी २००० पर्यंत १२ टक्के मिळत होते आणि २०२० पासून ७.१ मिळतायत. पण १९९१ च्या सुमाराला महागाईही दोन आकडी होती, त्यामुळे बारातले हातात काय उरायचं ते दिसतंच. शिवाय नव्वदच्या दशकात सागवानाच्या झाडांत पैसे लावून बसलेले कितीतरी शिक्षक मी पाहिले, ना झाडं दिसली ना पैसे. युनिट ट्रस्टची ‘युनिट ६४’ ही गुंतवणूक योजना तर सरकारीच समजून घेतली होती सगळ्यांनी. जुलै २००१ मध्ये त्याची खरेदी-विक्री सहा महिने थांबवली, तेव्हा शाखेत येऊन काउंटरला धरून उभे राहिलेले निवृत्त लोक मला अजून दिसतात. त्यांचा पैशाचा अनुभव म्हणजे नुसता बारा टक्के नाही.

उधळेपणाचं बघू. तुमचे बाबा तुमच्या वयाचे असताना त्यांना उधळायची सोय काय होती? स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबायचं, फोनसाठी तेच, गॅससाठी तेच. वस्तू नव्हती आणि वस्तूसाठी कर्ज देणारं दार नव्हतं. आमच्या शाखेत फ्रिजसाठी कर्ज मागायला आलेल्या माणसाला साहेबांनी अर्धा तास उपदेश केला होता, आणि कर्ज दिलं नव्हतं. आज तुमच्या खिशातला फोनच तुम्हाला दहा मिनिटांत कर्ज देतो. सोय नसताना केलेली काटकसर आणि सोय समोर नाचत असताना केलेली काटकसर यांना मी एका तराजूत घालत नाही. दुसरी अवघड आहे.

तरी बाबांच्या बोलण्यात तथ्य नाही असं समजू नका. शेवटची दहा वर्षं मी तरुण मुलांची बँक स्टेटमेंटं वाचली. शंभर-दीडशे, दोनशे-अडीचशे अशी एका महिन्यात सत्तर-ऐंशी डेबिटं. विचारलं तर कशाची ते आठवत नाही. तुम्ही बाहेरच्या खाण्यावर महिना आठ हजार जातात असं लिहिलंय. ते सगळे वाचवले तरी वर्षाचे ९६ हजार होतात, आणि या फ्लॅटसाठी लागणारे पंचवीस लाख त्यातून उभे राहायला २६ वर्षं लागतील. म्हणजे हॉटेलात न गेल्यानं घर होत नाही, एवढं बाबांनी मान्य करावं. आणि पगार झाल्या दिवशी आधी बाजूला काढून उरलेल्यात भागवायचं, एवढं तुम्ही त्यांच्याकडून घ्या. त्या सवयीला मात्र काळ लागू होत नाही.

एक प्रसंग सांगते, मग कामाचं बोलू. २०१६ची गोष्ट. एक मुलगा गृहकर्जासाठी आला, सोबत वडील. वडिलांच्या हातात कापडी पिशवी. माझं बोलणं संपायची वाट न बघता त्यांनी त्यातून रबराची बांधलेली चळत काढली, १९८८ पासून २००१ पर्यंतच्या हप्त्याच्या पावत्या. म्हणाले, ‘बाई, आमच्या घरात हप्ता चुकत नाही, हे बघून घ्या.’ मुलाचा सिबिल स्कोअर खराब होता. कुठल्यातरी न वापरलेल्या क्रेडिट कार्डाची ५९० रुपये फी राहिली होती आणि ती त्याला माहीतही नव्हती. मी वडिलांना कसं सांगणार की तुमच्या तेरा वर्षांच्या पावत्यांना या संगणकात जागा नाही? पत म्हणजे त्यांच्या लेखी गावानं ओळखलेलं नाव. मुलाच्या वाट्याला आली ती ३०० ते ९०० मधली एक संख्या. फी भरली, काही महिन्यांनी स्कोअर सुधारला, कर्ज झालं. पण त्या दिवशी वडील पावत्या परत पिशवीत घालत होते तेव्हा मुलगा मोबाइलकडे बघत बसला, ते मला आवडलं नव्हतं.

आता १ नोव्हेंबर २००५. त्या दिवसापासून राज्य सरकारच्या नोकरीत लागलेल्यांना जुनी पेन्शन बंद झाली. तुमचे बाबा त्याच्या कितीतरी आधीचे. त्यांना अखेरच्या मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन, वर महागाई भत्ता, आणि त्यांच्यानंतर आईला कुटुंब निवृत्तिवेतन. म्हणजे त्यांच्या म्हातारपणाची जोखीम सरकारनं घेतलेली होती. त्यामुळे त्यांना हातात येणारा सगळा पैसा घरात घालता आला, आणि तो घालणं शहाणपणाचंच होतं. बँकेची जुनी पेन्शन असल्यामुळे मीही त्याच बाकावर बसलेली आहे, तेव्हा हे बोलताना थोडं ओशाळायला होतं.

तुमची जोखीम तुमच्याच डोक्यावर आहे. पीएफला जोडलेल्या पेन्शनची मर्यादा १५ हजार पगाराची, म्हणजे ३५ वर्षं नोकरी केली तरी महिना साडेसात हजारांच्या आसपास. आणि सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदा पीएफमध्ये आला असाल आणि पगार १५ हजारांच्या वर असेल, तर तेही नाही. तुम्ही १९९२चे, नोकरी साधारण २०१४च्या सुमारास लागली असणार, पासबुकात पेन्शनचा रकाना उघडून बघा. तो रिकामा असेल तर बाबांना दाखवा. भांडणासाठी नाही. सरकारी नोकराला हा रिकामा रकाना जेवढा पटकन कळतो, तेवढं दुसरं काही कळत नाही. त्यांच्या लेखी तुम्ही काहीच साठवत नाही. प्रत्यक्षात कंपनी पूर्ण मूळ पगारावर पीएफ कापत असेल आणि मूळ पगार ५० हजार असेल, तर तुमचे सहा आणि कंपनीचे सहा असे महिन्याला १२ हजार बाजूला पडतायत. ते हातात येत नाहीत म्हणून घरातल्या बोलण्यात मोजलेच जात नाहीत.

एवढं मनात ठेवून त्या १५ लाखांकडे या. फ्लॅट ९० लाखांचा. बँकेचे ७२ गेले, राहिले १८. पिंपरी-चिंचवडमध्ये मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ६ लाख ३० हजार, आणि नोंदणीचे ३० हजार. घर फक्त पत्नीच्या नावावर घेतलं तर शुल्कात एक टक्का सवलत आहे. तयार फ्लॅट असेल तर तुम्हाला २४ लाख ६० हजार घालावे लागतील. बांधकाम चालू असेल तर वर ५ टक्के जीएसटी, आणखी साडेचार लाख, म्हणजे २९ लाखांच्या पुढे. तुमच्याजवळ १२ आहेत, बाबांचे १५, एकूण २७. तयार फ्लॅट घेतला तर या सत्तावीसपैकी जेमतेम २ लाख ४० हजार उरतात. बांधकाम चालू असलेला घेतला तर दोन लाख कमीच पडतात. फर्निचर अजून मोजलेलंच नाही.

माझं स्पष्ट मत, हा फ्लॅट नको. घर नको असं नाही, हा नको. ६५ लाखांपर्यंतचा, थोडा जुना किंवा थोडा लांबचा बघा. कर्ज ५२ लाख, हप्ता साडेत्रेचाळीस हजार, खिशातून जाणारे अठरा लाखांच्या आत. त्यात बाबांचे सहा पुरतात आणि नऊ त्यांच्यापाशी राहतात. नोंदणीनंतर निदान वर्षभर साधेपणानं राहिलात तर शिल्लक पुन्हा उभी राहील. त्यांची पिढी पत्र्याच्या घरात राहायला गेली होती, तुम्ही क्लबहाउस नसलेल्या सोसायटीत जा. बाबांना हे पटेल असं मला वाटतं, कारण ही पद्धत त्यांचीच आहे.

मात्र हे मत दोन-तीन गोष्टींवर बदलू शकतं. बाबांचे १५ लाख म्हणजे त्यांच्या एकूण साठ्यातले किती? पेन्शनीत त्यांचं नि आईचं भागत असेल आणि आजारपणासाठी निदान तेवढेच वेगळे असतील, तर पंधराही घ्यायला हरकत नाही. हे शेवटचे असतील तर सहासुद्धा घेऊ नका, ते कितीही आग्रह करोत. सत्तरीनंतर नवा आरोग्य विमा काढायला गेलं की हप्ता बघून छाती दडपते, तेव्हा गाठीला रोख लागते.

दुसरं, तुम्हाला धाकटी बहीण आहे. पैसे घ्याल ते तिला सांगून, आणि कागद करून. वडिलांनी मुलाला दिलेल्या भेटीवर आयकर लागत नाही, तेव्हा लपवायचं कारण नाही. बक्षीस असेल तर बक्षीसपत्र, उसने असतील तर तसं साध्या कागदावर, परत कधी तेही. साताऱ्याचं घर बाबांच्या स्वकष्टाचं, मृत्युपत्र केलं नाही तर आई, तुम्ही आणि बहीण सारखे वाटेकरी. या पैशांचा उल्लेख तेव्हा निघणार. दहा वर्षांनी ‘दादाला पंधरा दिले होते’ हे वाक्य दिवाळीच्या फराळात यायला नको. फार घरं या एका वाक्यावर दुभंगलेली पाहिली.

तिसरं, कर्जाची सही करण्याआधी सहा महिने दर महिन्याला ‘हप्ता वजा भाडं’ एवढी रक्कम वेगळ्या खात्यात टाका. साडेत्रेचाळीस वजा सव्वीस, म्हणजे साडेसतरा हजार. ते जड गेलं तर उत्तर तुम्हाला मिळालं, आणि गेलं नाही तर एक लाख पाच हजार हातात आले.

बाबांशी बोलायला जाताना लॅपटॉप नेऊ नका. त्यांच्या घराची जुनी फाइल मागा. कर्ज कुणाचं होतं, हप्ता किती होता, पत्रे कधी गेले, स्लॅब कधी पडला, त्या वर्षी आईचा कोणता दागिना मोडला. ते सांगतील आणि बराच वेळ सांगतील. मग तुमचे कागद त्याच पलंगावर शेजारी ठेवा. दोन फाइली शेजारी आल्या की पिढीबिढीचं नाव निघत नाही, हे मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिलंय.

आणि एक राहिलं. एवढ्या मोठ्या प्रश्नात तुम्ही ‘मी’ पंधरा-वीसदा लिहिलंत, ‘बाबा’ तितक्याच वेळा, आणि पत्नीचा उल्लेख फक्त उत्पन्नाच्या ओळीत. साठ हजार तिचे आहेत आणि ६५ लाखांच्या घराचाही हप्ता तिच्या पगाराशिवाय तुमच्या पगाराच्या ४३ टक्क्यांवर जातो. माझ्या पहिल्या पगारानं वाण्याची वही फिटली होती, तरी घरात वर्षानुवर्षं त्याला ‘वरखर्चाचे’ म्हणायचे, म्हणून हे माझ्या डोळ्यांत लगेच भरतं. तिला नोकरी पुढची वीस वर्षं करायची आहे का, मधे थांबायचं आहे का, वाकड हवंय की दुसरीकडे चालेल, हे विचारून घ्या आणि तिचे आकडे तिच्याच शब्दांत कळवा. मग हप्ता पुन्हा मांडून देते.